तोच की तसाच?
(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या भानगडीत कशाला पडावे, असा प्रश्न गेल्या वर्षभरात मला निदान दहा जणांनी विचारला असेल. त्यांत वडीलधारी माणसे होती, मैत्रिणी होत्या, आणि खोटे कशाला सांगू, एकदोनदा मी स्वतःही होते. आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. कथा-कविता, इतिहास, तर्कशास्त्र हे आपले. आकडे, यंत्रे आणि यंत्रांना द्यायच्या आज्ञा हे पलीकडच्या इमारतीतल्या लोकांचे. मी संध्याकाळच्या एका वर्गात ‘जावा’ नावाची संगणकाची भाषा शिकायला गेले ती नोकरीच्या आशेने, ज्ञानाच्या ओढीने नव्हे. पण पहिल्याच महिन्यात तिथे जी अडचण उभी राहिली तिचे धागे आमच्या घरात आणि कचेरीच्या खिडकीपर्यंत पोचलेले मला दिसले. म्हणून हा लेखप्रपंच.

झाले असे. सरांनी एक लहानशी आज्ञावली लिहायला सांगितली होती. संगणकाने गावाचे नाव विचारायचे, आपण ते टंकायचे, आणि ते ‘विटा’ असेल तर त्याने ‘या, गाव आपलेच आहे’ असे म्हणायचे. नसेल तर ‘आपण परगावचे’. पाच-सात ओळींचे काम. दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारण्यासाठी त्या भाषेत बरोबरचे चिन्ह लागोपाठ दोनदा काढतात. मी ते काढले, आज्ञावली चालवली, ‘विटा’ टंकले. उत्तर आले, ‘आपण परगावचे’. पुन्हा टंकले. काना, वेलांटी तपासली. पुन्हा तेच. ज्या मुलीची नाळ विट्यात पुरली आहे तिला एका यंत्राने परगावची ठरवावे याचा मला मनस्वी राग आला.

सर आले, पडद्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “तो चुकलेला नाही. तू विचारलंस, हे दोन शब्द एकाच जागी ठेवलेत का? तो म्हणाला, नाहीत. तुला विचारायचं होतं, दोन्ही ठिकाणी अक्षरं सारखी आहेत का? त्याला शब्द निराळा आहे, ‘इक्वल्स’.”

ज्यांनी संगणक कधी आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. यंत्राच्या स्मृतीत असंख्य कप्पे असतात अशी कल्पना करा. आपण ‘विटा’ हा शब्द ठेवायला दिला की तो एका कप्प्यात जातो आणि आपल्या हाती येते एक चिठ्ठी. चिठ्ठीवर शब्द नसतो, कप्प्याचा पत्ता असतो. माझ्या आज्ञावलीत लिहिलेला ‘विटा’ एका कप्प्यात होता, मी टंकलेला ‘विटा’ दुसऱ्या. दोन बरोबरच्या चिन्हांनी फक्त दोन चिठ्ठ्यांवरचे पत्ते ताडून पाहिले जातात. ‘इक्वल्स’ म्हटले तर मात्र दोन्ही कप्पे उघडून आतला ऐवज पडताळला जातो. पत्ता एकच असेल तर ती वस्तू एकच. ऐवज जुळत असेल तर वस्तू सारख्या, मग कप्पे कितीही असोत.

गंमत अशी की ही चूक नेहमी उघडी पडत नाही. मी ‘विटा’ हा शब्द आज्ञावलीतच दोन ठिकाणी लिहिला असता तर भाषेने काटकसर करून त्याची एकच प्रत ठेवली असती आणि चुकीच्या प्रश्नालाही ‘होय’ असे हवे ते उत्तर मिळाले असते. आकड्यांचे तर आणखी नवल. वस्तूच्या रूपात ठेवलेले दोन पूर्णांक याच चिन्हाने ताडले तर १२७ आणि १२७ सारखे निघतात, आणि १२८ व १२८ वेगळे! कारण उणे १२८ पासून १२७ पर्यंतचे आकडे ही भाषा एकेकच घडवून तयार ठेवते आणि मागेल त्याला त्याच कप्प्याची चिठ्ठी देते. त्यापुढच्यांना सहसा नवा कप्पा. गावातली १२७ माणसे बिनचूक ओळखून १२८ व्याला ‘आपण कोण?’ विचारणाऱ्या माणसासारखे हे झाले. चुकीचा प्रश्न विचारून बरोबर उत्तर मिळत राहणे यासारखी घातक सवय नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

घरी येताना माझ्या लक्षात आले की सरांनी जे समजावले त्याला आपल्या भाषेत दोन साधे शब्द कधीपासूनच आहेत. ‘तोच’ आणि ‘तसाच’. ‘तोच बैल’ म्हणजे परवा बाजारात पाहिला तो. ‘तसाच बैल’ म्हणजे त्याच रंगाचा, त्याच शिंगांचा दुसरा. इंग्रजी ‘सेम’ या एका शब्दात दोन्ही अर्थ कोंबलेले असतात. अर्थात आपणही बोलताना ढिलाई करतो. ‘शेजारणीकडे हीच साडी आहे’ असे म्हणतो, तेव्हा एक साडी दोघी मिळून नेसतात असे कुणी समजत नाही. आपल्या गावच्या यंत्रमागावर एकाच बीमाच्या सुतातून कापडाचे तागेच्या तागे उतरतात. ते सगळे तसेच असतात, पण ताग्याला डाग पडला तर ज्याला पडला तोच बाजूला काढावा लागतो.

तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही हे अगदी वेगळ्या वेषात शिकलो होतो. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे याने १८९२ साली पहाटेचा तारा आणि सांजतारा यांचे उदाहरण घेऊन विचारले होते, की दोन्ही नावे एकाच शुक्राची असताना ‘हा तोच’ या वाक्याने आपल्याला काही नवे कळते ते कसे? आपल्याकडच्या दार्शनिकांचा ‘तो हा देवदत्त’ प्रसिद्धच आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त आणि समोर उभा असलेला देवदत्त यांत काळ, स्थळ, कदाचित केसांचा रंगही बदललेला. तरी तो हाच. परीक्षेपुरते हे पाठ केले होते. संगणकाच्या वर्गात ते कामाला येईल असे वाटले नव्हते.

आणि रेवणसिद्धाच्या पालख्या! दसऱ्याला विट्यात दोन पालख्यांची शर्यत लागते, एक मूळस्थानाची आणि एक विट्याची. देव एकच, पालख्या दोन. म्हणजे चिठ्ठ्या दोन आणि पत्ता एक. खांदेकऱ्यांना आपली पालखी कुठली हे पक्के ठाऊक असते, हरल्या-जिंकल्याचे वादही होतात, पण म्हणून देव दोन झाले असे कुणी म्हणत नाही.

असो. आता घरातली गोष्ट सांगते.

आमचे घर गलाईवाल्यांचे. खानापूर-आटपाडीच्या या दुष्काळी मुलखातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी भारतभर गेलेली हजारो कुटुंबे आहेत, त्यांतलेच एक. वडिलांचे दुकान दक्षिणेत, कोइमतूरला. ज्यांना हा व्यवसाय माहीत नाही त्यांना सांगते, की सराफ जुने मोडीचे दागिने गलाईवाल्याकडे देतो. ते मुशीत टाकणखार घालून आटवायचे, आम्लाच्या साहाय्याने त्यांतली चांदी, तांबे वेगळे काढायचे आणि शुद्ध सोन्याची लगड परत द्यायची. दहा घरांचे दागिने एका मुशीत जातात. त्यांत कुणाची नथ असते, कुणाचे डोरले, कुणाचे बाळलेणे. रस झाला की कुठला कण कुणाचा हे विचारण्यात अर्थ उरत नाही, आणि विचारायचे कारणही नसते. वजन आणि कस जुळला की देणे फिटले. हा सगळा धंदा ‘तसेच’ या एका शब्दावर उभा आहे. ‘तेच सोने परत द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक आले तर दुकान संध्याकाळपर्यंत चालायचे नाही.

माझ्या आजीच्या पाटल्या होत्या. चांगल्या झिजलेल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या गहाण पडल्या, खडी फोडायच्या कामावर दोन वर्षे मजुरी करून तिने त्या सोडवून आणल्या. एकीला आतल्या बाजूने पोचा आला होता. चार वर्षांपूर्वी दिवाळीला वडिलांनी, आईला आनंद व्हावा म्हणून, तिला न सांगता त्या दुकानात नेल्या, आटवल्या आणि त्याच घडणीच्या नव्याकोऱ्या करून आणल्या. झीज स्वतःच्या पदरचे सोने घालून भरून काढली. आजीने त्या हातात घेतल्या, आतून अंगठा फिरवला, आणि खाली ठेवल्या.

“आई, सोनं तेवढंच हाय, उलट कस वाढलाय,” वडील म्हणाले.

“सोनं तेवढंच हाय रं,” ती म्हणाली. “पाटल्या त्या न्हवंत.”

वडिलांना ते फार लागले. त्यांनी फसवले नव्हते, उलट स्वतःचे घातले होते. मीही तेव्हा मनातून त्यांच्याच बाजूची होते. म्हातारपणीचा हट्ट, असे मला वाटले. आज वाटते की दोघेही खरेच बोलत होते, फक्त प्रश्न दोन होते. वडिलांनी आयुष्यभर दुकानात ‘इक्वल्स’ लावले आणि तेच घरी आणले. आजी पत्ते ताडत होती. त्या पाटल्या आता ट्रंकेत आहेत, माझ्या लग्नासाठी म्हणून. माझ्या दृष्टीने त्या त्याच असतील, कारण मी दुसऱ्या पाहिलेल्याच नाहीत असे म्हटले तरी चालेल.

‘तोच’ आणि ‘तसाच’ यांतला फरक ओळखायची एक सोपी कसोटी सरांनी सांगितली होती. एकात बदल करा आणि दुसऱ्याकडे पाहा. हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. दोन भावांच्या दोन विहिरी, दोन्हींत सारखेच पाणी असेल, तर एकीवर दिवसभर मोटार चालली तरी दुसरीचे पाणी हलत नाही. पण विहीर सामाईक असेल, दोघांच्या उताऱ्यांवर अर्धा-अर्धा हिस्सा लिहिलेला असेल, तर थोरल्याने उपसले की धाकट्याचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. कागदावर पाहाल तर दोन्ही प्रकारांत दोघांपाशी पाणी सारखेच. भांडण कुठे होणार हे मात्र विहीर एक की दोन यावर ठरते.

इथवर सारे गमतीचे होते. माझ्यापुरते गंभीर झाले ते माझ्या नावामुळे.

माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही जसेच्या तसे असलेली आणखी एक मुलगी या तालुक्यात आहे, जन्मसालही तेच. आमच्या भागात चार-पाच आडनावांत निम्मी गावे बसतात, आणि त्या वर्षी माझे नाव घरोघर ठेवले गेले होते, तेव्हा यात नवल नाही. आम्ही दोघींनीही एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तिचा आधी पोचला. माझ्या अर्जावर शेरा आला, ‘दुबार अर्ज, नामंजूर’. मी कचेरीत गेले. खिडकीतले गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला आणि म्हणाले, “नाव तेच, म्हणजे माणूस तोच. आम्ही काय करणार?” चार महिने गेले. तोवर फी उसनवार करून भरली. अखेर आम्ही दोघीजणी एकाच वेळी त्या खिडकीपुढे जाऊन उभ्या राहिलो तेव्हा प्रकरण मिटले. एकच व्यक्ती दोन ठिकाणी पाय ठेवून उभी राहू शकत नाही, हा पुरावा तेवढा मान्य झाला.

उलट बाजू आजीच्या वाट्याला आली. तिच्या वडिलांच्या जमिनीवर वारस म्हणून तिचे माहेरचे नाव लागले आहे. मुलींना वारसाहक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिला आणि वडिलोपार्जित मिळकतीत तो मुलग्यांच्या बरोबरीला २००५ च्या दुरुस्तीने आणून बसवला. पण कायद्याने दिलेला हक्क घ्यायला जायचे कुणी? उताऱ्यावरच्या बाईने. आणि ती बाई आज कुठल्याच कागदावर नाही. लग्नात तिचे पहिले नाव बदलले, वडिलांच्या जागी नवऱ्याचे आले, आडनाव बदलले, गाव बदलले. रकान्यामागून रकाने जुळवत गेलात तर एकही जुळत नाही. भाच्यांची तक्रार नाही, वाटपाला सगळे राजी आहेत. तरीही तिला प्रतिज्ञापत्र करावे लागले की वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. या प्रतिज्ञापत्राचा ठरलेला मसुदाच असतो, इतक्या बायकांना ते लागते. पुरुषालाही कधी लागते, नाही असे नाही, पण त्याच्या बाबतीत तो अपघात असतो. बाईच्या बाबतीत ती रीत आहे.

या दोन्ही प्रकरणांत यंत्र बिघडले नव्हते आणि कारकूनही चुकला नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ‘जावा’त कुठल्याही नव्या जातीची वस्तू निर्माण केली की आरंभी तिचे ‘इक्वल्स’ही फक्त पत्ताच पाहते. म्हणजे प्रत्येक वस्तू केवळ स्वतःशीच समान! त्यानंतर आज्ञावली लिहिणारा बसतो आणि ठरवतो, की यापुढे अमुक तीन रकाने जुळले की समान म्हणायचे, बाकीचे सोडून द्यायचे. वजन आणि कस घ्यायचे, पोचा सोडायचा. नाव, बाप आणि आडनाव घ्यायचे, चेहरा सोडायचा. हे ठरवणे गणिताने होत नाही. त्यात काय महत्त्वाचे आणि काय नाही याविषयीचे कुणाचे तरी मत असते, आणि ते मत कुठेतरी आज्ञावलीच्या दोन ओळींत जाऊन बसते. खिडकीतल्या गृहस्थांना त्या ओळी दिसत नाहीत, आपल्यालाही दिसत नाहीत. दिसतो तो फक्त शेरा.

माझे स्पष्ट मत असे, की माणसांच्या बाबतीत रकाने जुळले म्हणून ‘एकच’ असा निकाल यंत्राने देऊ नये. फार तर शंका घ्यावी आणि विचारावे. आणि रकाने जुळले नाहीत म्हणून ‘वेगळे’ असाही देऊ नये. आज जे चालते ते असे की शंका यंत्राला येते आणि ती फेडायचा खर्च, हेलपाटे, मुद्रांक, एस.टी.चे भाडे, हे सारे माणसाकडे.

यावर कुणी म्हणेल, लाखो अर्ज येतात, त्यांत खरोखरच दुबार अर्ज करणारे लबाडही असतात. कुठलीतरी चाळणी हवीच. मान्य आहे. गाव लहान होते तेव्हा पाटील-तलाठी माणसाला तोंडावळ्याने ओळखत, आणि त्या ओळखीतही पक्षपात काय थोडा होता? अनोळखी यंत्र एका परीने बरेच. माणसाला स्वतंत्र पत्ता द्यावा हा विचारही झाला आहे. आधारचा १२ अंकी क्रमांक हा तसाच पत्ता. देशातला पहिला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. पण व्यवहारात काय होते? क्रमांक देऊनही पुन्हा नावाची अक्षरे ताडली जातात आणि एका वेलांटीसाठी अर्ज परत येतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आपल्या शासनाने आईचे नाव घालायचे ठरवले आहे. तो निर्णय आईच्या मानासाठी झाला आणि तेवढ्यासाठीही तो योग्यच आहे; मला मात्र त्यात चाळणीचा एक नवा रकाना दिसला. आम्हा दोघी नामबहिणींच्या आयांची नावे वेगळी आहेत. तो रकाना त्या अर्जावर असता तर चार महिने वाचले असते.

‘तसाच’ हा शब्द वाईट आणि ‘तोच’ चांगला, असे कुणी यातून काढू नये. मतपेटीत पडलेले मत हे मुशीतल्या सोन्यासारखेच असावे लागते. कुठले मत आजीचे आणि कुठले आमदारांचे हे शोधता आले तर निवडणूकच संपली. तिथे सारखेपणच हवे, ओळख नको. मतदानाच्या खोलीच्या दारात मात्र ओळख हवी, म्हणजे माझे मत दुसरीने देऊ नये. एकाच इमारतीत दहा पावलांच्या अंतरावर दोन्ही कसोट्या लागतात, आणि त्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही ठिकाणी अनर्थ.

तेव्हा कला शाखेच्या मुलींनी या भानगडीत कशाला पडावे, तर एवढ्यासाठी. ‘इक्वल्स’मध्ये कुठले रकाने घ्यावेत हे ठरवायला बसलेल्या मंडळींत, लग्नात नाव बदलते हे स्वतःच्या घरात पाहिलेली एखादी असावी, देवदत्ताचे केस पिकले तरी तो देवदत्तच, हे जिने निदान परीक्षेपुरते पाठ केले आहे अशी एखादी असावी. पलीकडच्या इमारतीतली मुले हुशार आहेत, यात शंका नाही. पण दोन बरोबरची चिन्हे आणि ‘इक्वल्स’ यांतला फरक त्यांना एका तासात समजतो आणि तिथेच संपतो, असे मी पाहिले आहे. आमच्या वर्गात तरी तो भाग ‘परीक्षेला हमखास विचारतात’ एवढ्या शेऱ्यावर पुढे गेला.

आजीच्या प्रतिज्ञापत्राला तिच्यासोबत मीच गेले होते. तिने दोन्ही नावे मला वाचून दाखवायला सांगितली, माहेरचे नाव पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि सही केली. सही तिला सासरच्याच नावाची येते. माहेरच्या नावाने सही करायचा प्रसंग तिच्यावर कधी आलाच नव्हता. परत येताना एस.टी.त बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग मला म्हणाली, “त्या पोरीचं काय झालं गं, तुज्या नावाच्या? तिचं पैसं आलं का?”

आले, मी म्हटले. दोघींचेही आले.